भिंतीला सोलापुरी चादरी लावल्या, तरी पखवाज घुमतोच

सोलापूरच्या पूर्व भागातून एका २९ वर्षांच्या तरुणाचं पत्र आलं आहे. घरात खाली वडिलांचे चार माग, वर दहा बाय बारा फुटांची एक खोली. दिवसभर टॉवेलच्या कारखान्यात हिशेबाचं काम, संध्याकाळी दोन तास वडिलांच्या हाताखाली मागावर, आणि रात्री साडेनऊला माग थांबले की एक वाजेपर्यंत मिक्सिंग, म्हणजे रेकॉर्ड केलेले वेगवेगळे आवाज एकमेकांत नीट बसवणं. सामान म्हणजे लॅपटॉप, दोन माइक लागतील असा इंटरफेस (माइकचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारी डबी), दोन कंडेन्सर माइक आणि एक हेडफोन. खोली घुमते म्हणून भिंतींना चादरी लावल्या आहेत. गल्लीतल्या महिला भजनी मंडळाने त्यांच्याकडून पाच अभंग रेकॉर्ड करून घेतले, पाच हजार रुपये आगाऊही दिले. रेकॉर्डिंग एका दुपारी उरकलं, मिक्सिंग मात्र तीन महिने संपत नाही. "रात्री एवढं शांत असतं की हेडफोन अगदी बारीक ठेवला तरी सगळं कडक ऐकू येतं. तेच मोबाईलवर लावलं की गाणाऱ्या मावशींचा आवाज कुठल्या कुठे जातो. तो मोठा वाटावा म्हणून वायडनर लावलाय, तरी. मित्राच्या रिक्षात लावलं तर नुसता पखवाज, आणि टाळ कानात घुसतात." मित्र म्हणतात, "मास्टरिंग नाही बे केलेलं, म्हणून." साठवलेले ७० हजार आहेत. त्यातून मॉनिटर स्पीकर (मिक्सिंग करताना ऐकायचे) घ्यावेत, मेहुणे म्हणतात तसा पुण्यात कोर्स करावा, मावशींना न सांगता पुण्यातल्या एखाद्या स्टुडिओकडून काम करून घ्यावं, की सरळ पैसे परत करावेत? आणि सोलापुरात बसून हे शिकता येतं का? पत्रासोबत एक अभंग जोडला आहे.

नमस्कार.

तुमचा अभंग मी आधी मोबाईलवर ऐकला, मग घरच्या स्पीकरवर, मग पुन्हा मोबाईलवर. दुसऱ्या चरणाच्या आधी खाली कुणीतरी लोखंडी बादली टेकवल्याचा आवाज आहे. तो राहू द्या, मला आवडला. बाकीचं बोलू.

मित्रांचं निदान जरा बाजूला ठेवू या, कारण तुमचे सगळे पर्याय त्या एका वाक्यावर उभे आहेत. मास्टरिंग झालेलं नाही म्हणून गाणं असं वाजतंय, हे एकदा मान्य केलं की पुढचे प्रश्न आपोआप पैशाचे होतात. पण मास्टरिंग करणाऱ्याच्या हाती येतं काय? एक तयार फाइल. तिच्यात पखवाज, पेटी, टाळ, मावशी सगळे एकत्र शिजलेले असतात. खिचडी झाल्यावर त्यातली डाळ कमी करता येत नाही. तबकड्यांच्या काळात गाणं टेपवरून तबकडीवर कोरताना बास जास्त झाला तर वाजवताना सुई खाचेतून उडायची, म्हणून ते आवरायला वेगळा जाणकार बसायचा. आज तो माणूस पाचही अभंग एका पातळीवर आणतो, सुरुवात-शेवट नीट करतो, काही राहून गेलं का ते ताज्या कानांनी तपासतो. तुमच्या घरच्या भाषेत सांगायचं तर चादर विणून झाल्यावरची तपासणी, घडी आणि लेबल. तुटलेला धागा घडी घालताना दिसतो, पण तिथे तो विणता येत नाही.

मग दुखणं कुठे आहे? तुमच्या पत्रातच आहे. फक्त तुम्ही ते दुखणं म्हणून लिहिलेलं नाही, दिनक्रम म्हणून लिहिलंय.

संध्याकाळचे दोन तास मागावर. मागाच्या शेडमध्ये हातभर अंतरावरच्या माणसाशीही ओरडून बोलावं लागतं. असं ओरडावं लागतं तिथला आवाज ८५ डेसिबलच्या वर गेला असं ढोबळमानाने धरतात. तिथून बाहेर पडल्यावर कान काही तास बधिर असतात, आणि ही बधिरता सगळीकडे सारखी नसते. साधारण ३,००० ते ६,००० हर्ट्झच्या पट्ट्यात ती सगळ्यात जास्त असते (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती कंपनं; आकडा मोठा तेवढा सूर वरचा). टाळांची धार, 'स' आणि 'च'चा चरचरीतपणा याच भागात येतो. म्हणजे रात्री दहा वाजता तुम्हाला गाणं झाकोळलेलं वाटतं, तुम्ही वरच्या पट्ट्या उचलता, आणि दुसऱ्या दिवशी रिक्षात टाळ कानात घुसतात. चूक तुमच्या हाताची नाही, त्या वेळच्या कानांची आहे.

आता हेडफोन 'अगदी बारीक' ठेवण्याचं. आपले कान हलक्या आवाजात खालचे सूर फार कमी ऐकतात. बेल लॅबोरेटरीजच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ सालीच हे मोजून आलेख काढून ठेवले आहेत. बारीक आवाजात पखवाजाचा 'धा' पोकळ वाटतो, म्हणून तुम्ही तो वाढवता. रिक्षावाला मित्र तेच गाणं दणक्यात लावतो, कान खालचे सूर पुरेपूर ऐकायला लागतात आणि तुम्ही वाढवलेला पखवाज सगळ्यांना गिळतो. मी हे शहाणपणाने सांगत नाही. उमेदवारीच्या काळात मी एका कीर्तनाचं रेकॉर्डिंग घरचे जागे होऊ नयेत म्हणून रात्री असंच कुजबुजत्या आवाजात मिक्स केलं होतं. देवळाच्या कर्ण्यावर ते लागलं तेव्हा बुवांनी पाच मिनिटं ऐकलं आणि शांतपणे विचारलं, "मृदंग छान आहे. माझं कीर्तन कुठंय?"

तिसरी गोष्ट वायडनर. मावशींचा आवाज मोबाईलवर 'कुठल्या कुठे जातो' असं तुम्ही लिहिलंय, ते शब्दशः खरं आहे. असे प्लगिन, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये आवाजावर लावायची छोटी अवजारं, एकच आवाज डाव्या-उजव्या बाजूला थोडा मागेपुढे करून किंवा एका बाजूला उलटा करून पाठवतात. हेडफोनमध्ये दोन बाजू दोन कानांत वेगळ्या राहतात, म्हणून आवाज प्रशस्त वाटतो. मोबाईलच्या एकाच छोट्या स्पीकरमध्ये त्या बाजू एकत्र येतात, आणि जिथे एकीचा चढ दुसरीच्या उतारावर पडतो तिथे आवाज खोडला जातो. तुम्ही आवाज मोठा करायला जे लावलंत, तेच त्याला खातंय. मुख्य गायिकेवरचा वायडनर आज काढा. मुख्य आवाज आणि पखवाज मधोमध राहू देत. पसरवायचंच असेल तर मागे साथ करणाऱ्या बायकांचे आवाज आणि टाळ थोडे बाजूला न्या. मग मास्टर ट्रॅकवर, म्हणजे सगळे आवाज एकत्र येतात तिथे, मोनोचं (दोन्ही बाजू एक करणारं) बटण दाबून ऐका. मोनोत जे गायब होतं, ते मोबाईलवरही गायब होणार.

आणि त्या चादरी. सोलापुरात राहून चादरीबद्दल वाईट बोलणं जिवावर येतं, पण भिंतीला चिकटलेलं पातळ कापड फक्त वरचे सूर शोषतं. १०० हर्ट्झच्या लहरीची लांबी जवळजवळ साडेतीन मीटर असते, तिला चादरीची जाडी जाणवतसुद्धा नाही. तुमच्या दहा बाय बाराच्या खोलीत साधारण ४७ आणि ५६ हर्ट्झला, आणि मग त्यांच्या दुपटीला, खोली स्वतःच घुमते. चादरींनी तिची चमक काढून घेतली आणि घुमारा तसाच ठेवला. हे माइकनेही टिपलंय. पखवाजाखाली तो गोधडीसारखा पसरलेला जड आवाज आहे ना, तो वादकाचा नाही, खोलीचा आहे. याला जाडी लागते. घरातली कापसाची गादी कोपऱ्यात उभी करा, शक्य असेल तर भिंतीपासून वीतभर सोडून. दोन कोपऱ्यांत दोन गाद्या असतील तर उत्तम. कपड्यांनी भरलेलं कपाट तसंच उघडं ठेवलं तरी फरक पडतो. चादरी दोन-तीन राहू द्यात, बाकीच्या काढून पांघरायला घ्या.

तर पहिला उपाय फुकटचा आहे. रात्रीऐवजी पहाटे बसा. माग सुरू व्हायच्या आधीचे दोन तास, झोपून उठलेले कान, आणि आवाज एवढा की हेडफोन लावून कुणाशी बोलायचं झालं तर तुम्हाला किंचित चढ्या आवाजात बोलावं लागेल. ती पातळी ठरली की आवाजाच्या बटणाला हात लावायचा नाही. बारीक आवाजातही एकदा ऐकाच, पण तेव्हा फक्त शब्द कळतात का ते बघा, पखवाजाचा निर्णय घेऊ नका. पाऊण तासाने उठून खाली जाऊन चहा घ्या. संध्याकाळी मागावर जाताना कानात फोमचे इअरप्लग घाला. कापसाच्या बोळ्याने फारसं काही अडत नाही. वडिलांनाही एक जोड आणून द्या (ते घालतील अशी माझी अपेक्षा नाही, पण द्या). रात्री कानात शिट्टी वाजते आणि सकाळपर्यंत जात नाही, असं होत असेल तर मिक्सिंग राहू दे, आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.

दुसरं म्हणजे प्रोजेक्ट उघडून सगळे प्लगिन बंद करा. सगळे. फेडर (आवाज कमी-जास्त करायच्या सरकपट्ट्या) खाली ओढा आणि आधी फक्त मावशींचा आवाज वर आणा. अभंग आहे, लोक शब्दांसाठी ऐकणार. मग पेटी हळूहळू वर आणा आणि शब्द पुसट व्हायला लागला की तिथेच थांबून थोडी मागे घ्या. पेटी हा गायिकेचा सगळ्यात मोठा शेजारी, दोघींचं घर एकाच पट्ट्यात. २,००० ते ३,००० हर्ट्झच्या आसपास पेटीला दोन-तीन डीबी (डेसिबल) कापलं की शब्दांना जागा होते. मावशींच्या माइकवर १०० हर्ट्झच्या खालचं सगळं कापून टाका. त्यांचा गळा तिथे जातच नाही. तिथे आहे तो पखवाजाचा सांडलेला आवाज, पंख्याची घरघर आणि विजेची ५० हर्ट्झची गुणगुण. पखवाज सगळ्यात शेवटी.

इथे एक काम कंटाळवाणं आहे आणि सहसा कुणी ते सांगत नाही. तुमच्या मावशी आळवताना डोळे मिटून मागे झुकतात, हे मला न बघताही कळलं, कारण प्रत्येक कडव्याच्या तिसऱ्या ओळीला आवाज माइकपासून लांब जातो. त्यावर तुम्ही कॉम्प्रेसर (लहान-मोठ्या आवाजातला फरक कमी करणारं प्लगिन) जोरात दाबलाय. त्याने ओळ वर आली, पण तिच्यासोबत टाळ आणि पंखाही वर आले, आणि दोन शब्दांच्या मधे खोली श्वास घेतल्यासारखी ऐकू येते. त्याऐवजी ओळीओळीने आवाज हाताने वर-खाली करा. एका अभंगाला दीड-दोन तास जातील. मग कॉम्प्रेसरला फक्त दोन-तीन डीबीचं काम उरेल. गाणाऱ्याला चोवीस तास ऐकलेल्या माणसाचं हे काम आहे, आणि त्या गल्लीत राहणारे तुम्ही ते कुठल्याही स्टुडिओपेक्षा चांगलं कराल.

तपासणीसाठी दोन गोष्टी. तुमच्या आवडीचं, नीट रेकॉर्ड झालेलं एक अभंगाचं ध्वनिमुद्रण त्याच प्रोजेक्टमध्ये आणून ठेवा आणि त्याचा आवाज तुमच्या गाण्याइतका होईपर्यंत खाली करा. तसं न करता तुलना केलीत तर ते उगाच भारी वाटणार, मोठ्या आवाजाला कान नेहमी भुलतात. दुसरी तपासणी स्वयंपाकघरातली. आई भाकरी थापत असताना ओट्याच्या टोकाला मोबाईल ठेवून अभंग लावा. कसं वाटतं असं विचारू नका, आई छानच म्हणणार. कुठला शब्द कळला नाही, एवढंच विचारा आणि वहीत लिहून घ्या. यामाहाचा एनएस-१० नावाचा स्पीकर १९७८ साली घरगुती म्हणून बाजारात आला आणि पुढे जगभरच्या स्टुडिओंत मांडला गेला. तो गोड वाजायचा म्हणून नव्हे. त्याच्यावर बरं वाजणारं गाणं कुठेही बरं वाजायचं. तुमच्याकडे भाकरीची थापथप, कुकर आणि मोबाईल आहे. कमी नाही.

एवढं करूनही पाचपैकी एक-दोन अभंग सुटणार नाहीत, कारण टाळ मावशींच्याच माइकमध्ये भरलेत. त्यांना पुन्हा बोलवायला लाजू नका. काकडआरतीला उठणाऱ्या बायकांना पहाटे साडेपाचला बोलावलं तर त्या तुमच्या आधी येतील, शिवाय तेव्हा उन्हाळ्यातही पंखा पाच मिनिटं बंद ठेवता येतो. मुख्य गायिका माइकपासून एक वीत, तोंड किंचित तिरकं. टाळवाल्या दोघी दाराशी. अंतर निम्मं केलं की आवाज सुमारे सहा डीबी वाढतो, म्हणजे गायिकेला जवळ घेतल्यानेच टाळ मागे सरकतात, कुठलंही प्लगिन न लावता. माइकची पाठ टाळांकडे करा. पातळी ठेवताना सगळ्यात मोठी तान उणे १०-१२ डीबीच्या वर जाऊ देऊ नका. २४ बिटवर रेकॉर्ड करताना शून्याला (त्याच्या वर आवाज फाटतो) टेकायची काहीच गरज नसते.

मास्टरिंग या पाच अभंगांचं तुम्हीच करा. यूट्यूब आणि स्पॉटिफाय गाणी साधारण उणे १४ एलयूएफएसच्या (गाणं एकूण किती मोठं वाजतं त्याचं माप) पातळीवर वाजवतात, ॲपल म्युझिक उणे १६ च्या. त्याहून मोठं करून पाठवलंत तर ते स्वतःच खाली आणतात, मग लिमिटरने (आवाज ठराविक टोकापुढे जाऊ न देणाऱ्या प्लगिनने) गाणं चेपून मिळवलं काय? उणे १४ च्या आसपास ठेवा, सर्वोच्च टोक उणे १ डीबीच्या खाली. पेनड्राइव्हवर द्यायचं असेल तर थोडं वर नेलं तरी चालेल. एलयूएफएस मोजणारे फुकट मीटर मिळतात. पाचही अभंग ओळीने लावल्यावर मावशींना आवाजाचं बटण फिरवावं लागू नये, एवढी परीक्षा पुरे.

आता ७० हजार. मॉनिटर स्पीकर या खोलीत आज घेऊ नका. खोली जोवर घुमते तोवर महागडा स्पीकरही तुम्हाला तेच घुमणं ऐकवेल, फक्त जास्त स्पष्ट. पुढे घ्याल तेव्हा पाच इंची पुरे, आणि कोपऱ्यात ठेवू नका, तिथे बास फुगतो. हेडफोन मात्र बघा. पत्रात त्याचं नाव नाही. तो गाणी ऐकण्यासाठी बास फुगवलेला असेल तर मिक्सिंगचा, सपाट आवाजाचा एक घ्या.

कोर्सबद्दल मी जरा पक्षपाती आहे. मी शिकलो ते लोकांच्या मागे उभं राहून. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये ध्वनीचा अभ्यासक्रम आहे, पण तो चित्रपटासाठीचा आणि पूर्णवेळ आहे. तुम्हाला नोकरी आणि माग सोडून जायचंय असं पत्रात कुठे दिसलं नाही. मेहुण्यांनी सुचवलेल्या कोर्सची चौकशी जरूर करा, पण आधी दहा गाणी पुरी करून. अर्धवट गाणी घेऊन वर्गात बसलं की कुठला प्रश्न विचारायचा तेच कळत नाही.

पुण्याच्या स्टुडिओचा पर्याय मला अर्धा पटतो. एक अभंग द्या, आणि एकच अट घाला, की मिक्सिंग चालू असताना मला मागे बसू द्या. सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने जाऊन रात्री परत येता येतं. तिथे समोरचा माणूस काय लावतो ते लिहून घेऊ नका, तो काय काढतो ते बघा. कधी थांबतो, कधी डोळे मिटून ऐकतो तेही बघा. परत आल्यावर उरलेले चार तुम्ही करा. पाचही त्यांच्याकडून करून आपलं नाव लावायचं हे मला आवडलं नाही. पुढच्या आषाढीला मंडळ पुन्हा तुमच्या दारात उभं राहील, तेव्हा काय कराल?

पैसे परत करू नका. तीन महिने तुम्ही कामाला नाही, मावशींच्या "झालं का रे बाळा?" या प्रश्नाला टाळताय, असं मला वाटतं. त्या विचारतात ती घाई नसेलही. आपला आवाज कसा आलाय हे ऐकायची त्यांना उत्सुकता असेल आणि तुम्ही काहीच ऐकवत नसाल. एक अभंग अर्धवटच ऐकवा. मुख्य गायिका म्हणतील माझा आवाज वाढव, पखवाजवाले काका म्हणतील पखवाज दबलाय, टाळवाल्या म्हणतील आम्ही होतो की नाही. प्रत्येकाला आपलंच वाद्य कमी ऐकू येतं, याला उपाय नाही. सगळ्यांची नाराजी सारखी झाली की मिक्स जमलं, असं आमच्यात थट्टेने म्हणतात. ऐकवतानाच तारीख सांगा, आणि आजपासून सहा आठवड्यांच्या पुढची सांगू नका.

सोलापुरात शिकता येतं का, हा प्रश्न तुम्ही शेवटी भीत भीत विचारलाय. तुमच्या एका गल्लीत मराठी अभंग, तेलुगू गाणी, कन्नड भजनं सगळं जिवंत वाजतंय, आणि माइकसमोर बसायला माणसं पैसे देऊन तयार आहेत. पुण्यात शिकणाऱ्या पोरांना सरावासाठी गाणारा शोधावा लागतो. अडचण फक्त मागांची, तीही पहाटेपुरती सुटते.

पुढच्या वेळी टाळवाल्यांना दाराशी बसवाल तेव्हा त्या रुसतील. आधीच सांगून ठेवा, आणि तयार झालेलं सगळ्यात आधी त्यांनाच ऐकवा.